बहुतेक

बावीस वर्षं गावाच्या पाण्याची चावी माझ्या हातात होती.
पहाटे साडेपाचला टाकीखाली वाकून
मी व्हॉल्व्ह तीन आटे फिरवायचो
आणि पूर्णेकाठचं खारं पाणी
घराघरात जायचं, मुकाट.
चहा फाटायचा. डाळ शिजायची नाही.
तरी लोक म्हणायचे, आलं बावा पाणी.
हाताला फक्त लोखंड थंड लागायचं,
बाकी काही कळायचं नाही.

आता मंगळवार आणि शुक्रवार अकोल्याला.
तेल्हाऱ्याची पहिली एसटी.
डाव्या हातात फिस्टुला,
उशीखाली हात गेला की
डीपीसारखा गुणगुणतो रात्रभर.
दिवसाला पाण्याचे तीन पेले, मोजून.

मशीन लावताना नाझनीन म्हणाली,
"काका, तिकडं माणसाला डुकराची किडनी बसवली."
तिच्या मोबाईलवर एक गुलाबी पिल्लू,
काचेआड, सरकीतून निघालेल्या कापसासारखं,
कानात नंबर.
त्याची काही जनुकं म्हणे खुडली,
काही आपली खोचली,
म्हणजे अंग त्याला परकं म्हणणार नाही.
मग मोबाईल खिशात टाकता टाकता तिनंच सांगितलं
की त्याच्या पेशीपेशीत फार जुने विषाणू झोपलेले असतात,
डुकराला त्यांचा त्रास नाही,
माणसात जागे झाले तर काय, हे अजून कोणी
छातीवर हात ठेवून सांगत नाही.
"झोपलेलेच राहतील बहुतेक."
तो बहुतेक
चार तास नळीतून फिरत राहिला.

संध्याकाळी पुंजाजीकडे गेलो.
त्याच्या डुकरांना मी जन्मभर दगड मारले,
टाकीखालच्या डबक्यात लोळायची म्हणून.
दोन वर्षांपूर्वी तापाची साथ आली तेव्हा
जीपमधून पांढऱ्या कपड्यातली माणसं उतरली.
जेसीबीचा खड्डा, वरून चुना.
त्रेचाळीस डुकरं, त्यातली पाच गाभण.
कोठ्याच्या पत्र्यावर आता त्याची बायको
मिरच्या वाळवते.

पुंजाजीनं ऐकून घेतलं. तंबाखू मळली.
"तवा म्हणे डुकराचा रोग हाये, जवळ जाऊ नका.
आता म्हणतेत पोटात ठेवा.
एकदा ठरवा ना बावा काय ते."
हसला, मग हसला नाही.
"माह्यावालं नसन चालत तुमाले, भाऊ.
ते साहेब डुक्कर असन. त्यानं गटार पायलं नसन."
मी उठलो तेव्हा पाठमोराच म्हणाला,
"पण देल्लं असतं म्या. दगड मारले तरी."

कागदावर सही माझी असेल, एकट्याची.
पण माझा पेला वच्छला विसळते.
नातू माझ्याच ताटात हात घालतो.
एसटीत शेजारी रोज कोणी वेगळं बसतं,
कोणी लेकरू मांडीवर घेऊन, माझ्या खांद्यावर पेंगत.
त्यांची सही कोण घेणार?
नाझनीन म्हणते, पुढं मरेपर्यंत रक्त तपासत राहायचं,
घरच्यांचंही.
वच्छलाला हे अजून सांगितलेलं नाही.
तसं पाहिलं तर चावी फिरवताना
मी तरी कोणाला विचारलं होतं?
आमच्या आळीत पाच जणांना मशीन लागली.
त्यातले आम्ही दोघं उरलो.

खरं सांगायचं तर मला जगायचं आहे.
एक अख्खा लोटा पाणी, उभ्यानं, न मोजता,
मानेवरून छातीवर सांडेपर्यंत.
उद्या बोलावलं तर उद्याच्या पहिल्या एसटीनं जाईन,
आणि त्या पिल्लाकडे बघणार नाही,
त्यानं काचेतून बघितलं तरी.

टाकीवर आता नवा पोरगा आहे, रोशन.
आज पहाटे जागच होतो, गेलो तिथवर.
पाइप आधी हवा खोकला, मग पाणी आलं.
त्याला म्हटलं, सोडायच्या आधी
एक ग्लास काढून पाहत जा.
"काय पाहू काका?"
ग्लास उजेडात धरला त्यानं.
स्वच्छ होतं. अगदी आरपार.
मला काही सांगता आलं नाही.